आश्चर्य कोणाला वाटलं, हे आधी ठरवा

प्रश्न असा आहे: आश्चर्य, फसवणूक आणि रंजकता या तीन गोष्टी संगणकाच्या आवाक्यात येतात का? "हे अनपेक्षित आहे", "हा मला हूल देतोय", "हे ऐकण्यासारखं आहे" असं एखाद्या प्रोग्रामला ठरवता यावं, अशी मांडणी करता येते का?

येते, पण तिन्हींची सारखी नाही. आश्चर्याचं गणित पक्कं आहे आणि रोजच्या वापरात आहे. फसवणूक पत्त्यांसारख्या बंदिस्त खेळात उत्तम जमते, मोकळ्या जगात अजून कच्ची आहे. रंजकता सगळ्यांत अवघड, आणि मला सगळ्यांत जवळची. मी आधी काही वर्षं सर्व्हरच्या लॉगमधल्या, म्हणजे त्याच्या कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदींमधल्या, विपरीत घटना पकडायचं काम केलं आणि नंतर गोष्टी रचणाऱ्या प्रणालींवर आलो. दोन्हीकडे अडलो ते एकाच जागी. आश्चर्य घटनेलाच चिकटलेलं आहे असं धरून चाललं की काम रुततं. एकच घटना एकाला धक्का देते आणि दुसऱ्याला ती आधीच ठाऊक असते. म्हणून कुठलंही मॉडेल बांधताना मी पहिल्यांदा विचारतो: कोणाला?

सुरुवात क्लॉड शॅनन यांच्यापासून करावी लागते. बेल लॅब्जमध्ये असताना १९४८ साली त्यांनी माहितीचं गणित मांडलं. त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच: एखाद्या घटनेची शक्यता जितकी कमी, तितकी ती घडल्यावर मिळणारी माहिती जास्त, आणि ती बिट या एककात मोजायची, शक्यतेच्या उलट संख्येचा दोनाच्या पायावर लॉगॅरिदम घेऊन. छापा पडला तर १ बिट. फाशावर ठरावीक आकडा पडला तर सुमारे २.६ बिट. हजारात एकदा घडणारी गोष्ट घडली तर जवळजवळ १० बिट. १९५१ मध्ये त्यांनी माणसांना इंग्रजी मजकुरातलं पुढचं अक्षर ओळखायला लावलं. अक्षरं आणि मोकळी जागा मिळून २७ चिन्हं सारख्याच शक्यतेची असती, तर दर अक्षरामागे सुमारे ४.७५ बिट लागले असते. पुरेसा मागचा मजकूर हाताशी असलेल्या वाचकाला ते साधारण ०.६ ते १.३ बिटांवर येतं, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे वाचणारा बहुतेक वेळा पुढचं ओळखूनच चाललेला असतो. आजची भाषिक मॉडेल (मजकूर रचणारे प्रोग्राम) शिकतात तीही हेच माप खाली आणत: पुढच्या शब्दाने कमीत कमी दचकायचं.

हे माप माणसालाही लागू पडतं. शब्द जितका अनपेक्षित, तितका त्यावर वाचकाचा वेळ जास्त जातो. जॉन हेल यांनी २००१ मध्ये आणि रॉजर लेव्ही यांनी २००८ मध्ये वाक्य समजायला पडणारे कष्ट याच गणिताने समजावले. त्याच्या कितीतरी आधी, १९८० मध्ये, मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांना दिसलं होतं की वाक्याच्या शेवटी अर्थाला न जुळणारा शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक विद्युत लहर उमटते.

पण शॅननचं माप जसंच्या तसं वापरलं की काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. एका कंपनीच्या सर्व्हर लॉगवर नजर ठेवणारं मॉडेल आम्ही बसवलं होतं. ज्या ओळीचे बिट जास्त, ती वर आणायची, इतकं साधं. पहिल्याच रात्री यादीच्या डोक्यावर आल्या त्या लांबलचक यादृच्छिक सत्र-क्रमांकांच्या, म्हणजे वापरकर्त्याच्या दर भेटीला मिळणाऱ्या क्रमांकांच्या, ओळी. प्रत्येक क्रमांक नवा, म्हणून प्रत्येक ओळ "अनपेक्षित". रोज सकाळी आम्ही तो कचरा उपसत बसायचो. खरी भानगड वेगळीच होती. रात्रीच्या बॅकअपनंतर "काम पूर्ण झालं" अशी एक ओळ यायची, ती यायची बंद झाली होती. न आलेल्या ओळीला बिट कुठून देणार? ती ओळ येईल, अशी अपेक्षा मॉडेलच्या पोटात असायला हवी होती, आणि आम्ही ती ठेवलीच नव्हती. बॅकअप कितीतरी दिवस अर्धवट पडून होता, हे आम्हाला माणसाने सांगितलं.

ही चूक कागदावर नीट दिसते. एक नाणं घ्या. ते साधं असण्याची शक्यता ९९ टक्के, आणि दोन्ही बाजूंना छापा असलेलं बनावट असण्याची १ टक्का, असं धरा. आता दहा वेळा उडवा. एकदा निकाल आला छापा, काटा, काटा, छापा असा सरमिसळ. दुसऱ्यांदा आले दहाच्या दहा छापे. शॅननच्या मापाने त्या विशिष्ट सरमिसळ क्रमाचे होतात १० बिट आणि दहा छाप्यांचे फक्त ६.५, कारण दहा छापे बनावट नाण्यानेही येऊ शकतात. म्हणजे मापानुसार सरमिसळ क्रम जास्त आश्चर्याचा! कुणालाही विचारा, उत्तर उलट येईल.

आता दुसरं माप लावा: निकाल बघून माझं मत किती हललं? सरमिसळ क्रम बघितल्यावर बनावट नाण्याची शक्यता १ टक्क्यावरून शून्यावर येते. हे हलणं सुमारे ०.०१५ बिट, म्हणजे नसल्यातच जमा. दहा छापे बघितल्यावर तीच शक्यता १ टक्क्यावरून ९१ टक्क्यांवर जाते, आणि हे हलणं ५.६ बिट भरतं. आता आकडे आणि मन जुळले. लॉरेंट इट्टी आणि पिएर बाल्दी यांनी २००५ च्या सुमारास हीच मांडणी केली, तिला बेझीय आश्चर्य म्हणतात, नव्या माहितीनुसार शक्यता बदलण्याच्या बेझच्या नियमावरून. त्याचं एकक त्यांनी "वॉव" ठेवलं. व्हिडिओ बघताना माणसांचे डोळे कुठे वळतात ते त्यांनी तपासलं, आणि नजर बऱ्यापैकी त्या मापामागे जाते असं दिसलं. सिग्नल नसलेल्या टीव्हीवरची मुंग्यांसारखी ठिपक्यांची वळवळ शॅननच्या हिशेबाने सतत माहिती ओतत असते, पण दोन क्षणांत आपलं तिच्याबद्दलचं मत ठरतं आणि पुढे हलत नाही. म्हणून ती कंटाळवाणी.

यात एक बारकावा आहे, तो बहुतेक जण सोडून देतात. मत हललं, पण कशाबद्दलचं? "मी ते पत्र वाचलं" इथपर्यंत ऐकलं की ऐकणारा वाचल्याचं धरून चालतो. मग शेवटी "नाही" येतं आणि सगळं उलटतं. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेपटीला असल्याने आपण हा झटका दिवसभर देत-घेत असतो. त्याच वाक्यात "पत्र"च्या आधी "निळं" हा शब्द आला असता, तर तोही कदाचित तितकाच दुर्मिळ असता, पण पत्राच्या रंगावर कुणाचं लक्षच नव्हतं. तेव्हा ऐकणारा कोणत्या गोष्टींचा माग ठेवतोय, याची यादी मॉडेलमध्ये असावीच लागते. लॉगच्या कामात आमच्याकडे नेमकी तीच नव्हती.

फसवणुकीकडे येऊ. ती म्हणजे दुसऱ्याचं मत मुद्दाम चुकीच्या दिशेला हलवणं. तिची सर्वांत छोटी आणि सर्वांत सुंदर प्रयोगशाळा हॅरल्ड कुन यांनी १९५० मध्ये मांडली: तीन पत्त्यांचा पोकर. गुलाम, राणी, राजा, एवढेच पत्ते. दोन खेळाडू, प्रत्येकी एक नाणं आधीच डावात आणि प्रत्येकाला एक पत्ता. पैज लावायची तर आणखी एकच नाणं. समजा पहिल्याकडे राणी आहे आणि तो पैज न लावता थांबला. दुसऱ्याने पैज लावली. पहिल्याला ठरवायचंय: एक नाणं टाकून पत्ते उघडायचे, की डाव सोडायचा?

दुसऱ्याकडे राजा असेल तर तो पैज लावणारच. गुलाम असेल तर प्रामाणिकपणे गप्प बसायला हवं. पण तो नेहमीच गप्प बसला, तर त्याची पैज म्हणजे राजाची जाहिरात होईल. राणीवाला दर वेळी डाव सोडेल आणि राजाला जादा काहीच मिळणार नाही. उलट तो प्रत्येक गुलामावर पैज लावू लागला, तर राणीवाला दर वेळी उघडून त्याला लुबाडेल. मधला तोल एक तृतीयांशावर सापडतो: गुलाम हातात असताना तीनातून एकदा खोटी पैज. तेव्हा समोर आलेल्या दर चार पैजांमागे तीन खऱ्या, एक खोटी. राणीवाला एक नाणं टाकून तीन नाण्यांचा डाव जिंकू पाहतोय. तीनदा एकेक नाणं गेलं, एकदा तीन मिळाली, हिशेब शून्य. उघडलं काय नि सोडलं काय, त्याला सारखंच.

मी हे शिकवताना दर वेळी कागदावर करायला लावतो, कारण इथे कुठेच मानसशास्त्र घातलेलं नाही. घाबरणं नाही, चेहरा निर्विकार ठेवणं नाही. तरीही खोटी पैज गणितातून आपोआप वर येते, कारण खऱ्या पैजेला किंमत हवी असेल तर तिच्यात थोडं खोटं मिसळावंच लागतं. मोठ्या प्रमाणावर हेच लिब्राटस नावाच्या प्रोग्रामने केलं. जानेवारी २०१७ मध्ये त्याने चार व्यावसायिक पोकर खेळाडूंना १,२०,००० डावांमध्ये हरवलं, आणि हूल कशी द्यायची ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पत्त्यांतली हूल प्रमाणावर चालते. गोष्टीतल्या कपटाला आणखी एक मजला लागतो: मला काय माहीत आहे, आणि त्याला काय माहीत आहे असं मला वाटतं, या दोन वेगळ्या वह्या. हाइंट्स विमर आणि योझेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये लहान मुलांसाठी केलेली चाचणी याचीच. मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, मग तो परत आल्यावर कुठे शोधेल? अगदी लहान मुलं चॉकलेट आता जिथे आहे तीच जागा सांगतात. साधारण चार-पाच वर्षांपासून मुलं बरोबर सांगू लागतात. प्रोग्राममध्ये याची रचना फार कठीण नाही. प्रत्येक पात्रासाठी वेगळी विश्वास-वही ठेवा, आणि घटना घडली की ती ज्यांनी पाहिली त्यांच्याच वहीत नोंदवा. फसवणूक म्हणजे अशी कृती निवडणं, जी समोरच्याच्या वहीत तुमच्या वहीशी न जुळणारी ओळ लिहील आणि तुमचा फायदा करेल. दोन पात्रांपर्यंत हे झकास चालतं. "त्याला कळलंय हे तिला माहीत नाही असं त्याला वाटतं" इथपर्यंत गेलं की वह्यांची संख्या झपाट्याने वाढते, पण माणसंही तिथे गोंधळतातच.

भाषिक मॉडेल अशा चाचण्या सोडवताना दिसतात, पण इथे जपून. टोमर उल्मन यांनी २०२३ मध्ये याच धर्तीच्या गोष्टींत छोटे बदल करून पाहिले. उदाहरणार्थ, पिशवीवरचा मजकूर चुकीचा आहे पण पिशवी पारदर्शक आहे, म्हणजे आतलं सगळ्यांना दिसतंय. तेव्हाचं मॉडेल तरीही पात्र फसेल असंच सांगत राहिलं. गोष्टीचा साचा त्याला पाठ होता, कुणाला काय दिसतंय याची वही नव्हती. पुढची मॉडेल सुधारली आहेत, पण मी अजूनही प्रत्येक नव्या मॉडेलला पहिल्या दिवशी पारदर्शक डबा दाखवतो.

उलट बाजूही सांगायला हवी: कोणतीही वही नसताना फसवणूक घडते. २०१७ मध्ये ओपनएआय आणि डीपमाइंडच्या संशोधकांनी संगणकातल्या एका यांत्रिक हाताला माणसांच्या पसंतीवरून वस्तू पकडायला शिकवलं. माणूस व्हिडिओ बघून कोणता प्रयत्न चांगला ते सांगायचा. हाताने शोधून काढलं की कॅमेरा आणि वस्तू यांच्या मध्ये बोटं धरली की वस्तू पकडल्यासारखी दिसते. त्याला माणसाला फसवायचं नव्हतं, त्याला गुण हवे होते, आणि गुण माणसाच्या समजुतीवर मिळत होते. माझ्या मते आजच्या प्रणालींत या प्रकाराची काळजी जास्त करावी. कपटाचा हेतू शोधत बसलात तर सापडणार नाही, आणि बक्षीस कशावर मिळतंय ते तपासलंत तर लगेच सापडेल.

आता रंजकता. पहिला धाडसी प्रयत्न डग्लस लेनट यांचा, १९७६ चा. एएम नावाच्या त्यांच्या प्रोग्रामला गणितातल्या मूळ संकल्पना आणि "काय लक्ष देण्याजोगं" हे सांगणारे दोनशेहून जास्त ठोकताळे दिले होते. त्याने मूळ संख्यांपर्यंत मजल मारली, गोल्डबाखच्या अनुमानाशीही (दोनाहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते) पोहोचला. मग थबकला. पुढे १९८४ मध्ये लेनट यांनीच जॉन सीली ब्राऊन यांच्याबरोबर लिहिलं की यश बरंचसं लिस्प या प्रोग्रामिंग भाषेच्या घडणीमुळे मिळालं. तिथे प्रोग्राममध्ये छोटा बदल केला की अर्थपूर्ण गणितच हाती लागायचं. ही कबुली मला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

दुसरा रस्ता युर्गेन श्मिडहूबर यांनी १९९१ पासून चालवला. आधीच माहीत असलेलं कंटाळवाणं आणि कधीच न कळणारंही कंटाळवाणं. रस येतो तो जिथे आपली समज आत्ता सुधारते आहे तिथे. मोजमापही स्पष्ट आहे: कालपर्यंत तीच निरीक्षणं लिहून ठेवायला मला किती बिट लागत होते आणि आज किती लागतात? जितके वाचले, तितकी गंमत. हे माप न लावता फक्त "जिथे अंदाज चुकतो तिथे जा" असं यंत्राला सांगितलं की ते टीव्हीवरच्या त्या वळवळीपुढे अडकतं. २०१८ मध्ये संशोधकांनी कुतूहलावर चालणाऱ्या एजंटाच्या (स्वतः हालचाली निवडणाऱ्या प्रोग्रामच्या) चक्रव्यूहात एक टीव्ही ठेवला आणि वाहिनी बदलायचं बटण त्याच्या हाती दिलं. वाट शोधायचं काम मागे पडलं आणि एजंट वाहिन्या बदलण्यात गुंतला. माझ्या लॉग मॉडेलची चूक तीच होती, फक्त त्याच्याकडे टीव्हीऐवजी सत्र-क्रमांक होते. लहान बाळांचं मात्र असं होत नाही. सेलेस्ट किड, स्टीव्हन पियांतादोसी आणि रिचर्ड अॅस्लिन यांनी २०१२ मध्ये सात-आठ महिन्यांच्या बाळांवर दाखवलं की फार सोपा क्रमही आणि फार गुंतागुंतीचा क्रमही नजरेआड केला जातो, बाळं रेंगाळतात ती मधल्यावर.

अनपेक्षित आणि मोलाचं यांचा संगम आकड्यांत बघायचा असेल तर १० मार्च २०१६ चा डाव आठवा. गो या पटावरच्या खेळात अल्फागो हा प्रोग्राम विरुद्ध अव्वल खेळाडू ली सेडॉल, दुसरा डाव, ३७ वी चाल. माणूस ही चाल खेळेल याची शक्यता अल्फागोच्याच एका न्यूरल जाळ्याने (माणसांच्या चालींवरून शिकलेल्या भागाने) दहा हजारात एक धरली होती, आणि पुढच्या चाली तपासणारा त्याचा दुसरा भाग सांगत होता की चाल चांगली आहे. दोन वेगळे आकडे, दोन वेगळ्या डोक्यांचे. पहिला सरासरी माणसाचा, दुसरा डाव जाणणाऱ्याचा. त्यांच्यातल्या दरीवरच सगळे बघणारे थरारले.

गोष्टींकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथे आहे. चांगल्या कलाटणीचं वर्णन आपण करतो ते असं: आधी ओळखता येऊ नये, नंतर मात्र "असंच व्हायला हवं होतं" वाटावं. मीही सुरुवातीला ते तसंच लिहिलं. मागच्या मजकुरावरून शेवटाची शक्यता कमी असावी, आणि शेवट कळल्यावर मागच्या खुणांची शक्यता खूप वाढावी. मग आकडे हट्टाने जुळेनात. कारण पूर्ण तर्कशुद्ध वाचकाच्या बाबतीत हे दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात. शेवटामुळे खुणांची शक्यता हजारपट वाढत असेल, तर बेझच्या नियमाने खुणांमुळे शेवटाची शक्यताही हजारपटच वाढलेली असली पाहिजे. खुणा जितक्या चपखल, तितका असा वाचक आधीच सावध होतो. त्याला चपखल कलाटणीने चकित करणं जवळजवळ अशक्यच.

उत्तर सापडलं ते वाचकाला कमी हुशार करून. खरा वाचक सगळ्या शक्यता तोलत नाही. तो दोन-चार डोक्यात ठेवतो, बाकीच्या त्याला सुचलेल्याच नसतात. आमचा वाचक-प्रोग्राम आता पाच शक्यता धरून चालतो. प्रत्येक प्रसंगानंतर जी सर्वांत कमी जुळते ती टाकतो आणि तिच्या जागी नवी घेतो. चोर बाहेरचा आहे, असं धरून पाचही शक्यता चालल्या असतील, तर तक्रार करणाऱ्यानेच चोरी केली ही सहावी त्याच्या यादीत येतच नाही, खुणा कितीही असोत. शेवटी ती सांगितली की तो मागचं सगळं पुन्हा वाचतो, आणि तेव्हा खुणा धडाधड जागेवर बसतात. लेखकाचं कसब त्या पाच जागा भरून ठेवण्यात असतं. सहावीला जागाच मिळू द्यायची नाही. हूल म्हणतात ती हीच, आणि इथे आश्चर्य, फसवणूक आणि रस एकाच हिशेबात येतात.

कलाटण्या किती घालाव्या, यालाही गणित आहे. जेफ्री इली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमीर कामेनित्सा यांनी २०१५ मध्ये उत्कंठा आणि आश्चर्य वेगळे केले. उत्कंठा म्हणजे पुढच्या क्षणी माझं मत किती हलू शकेल, आश्चर्य म्हणजे ते आत्ता किती हललं. तर्कशुद्ध प्रेक्षकासाठी या हलण्याला मर्यादा आहे. सुरुवातीला शक्यता अर्धी-अर्धी असेल, तर शेवटापर्यंतच्या सगळ्या बदलांच्या वर्गांची (प्रत्येक बदल गुणिले तोच बदल) बेरीज सरासरीने ०.२५ भरते, त्याहून जास्त कुणी देऊ शकत नाही. एवढीच शिल्लक, ती एकाच प्रसंगात उधळायची की पुरवून वापरायची एवढं हातात. दर पाच मिनिटांनी कलाटणी देणारी मालिका लवकर फिकी का पडते, ते इथे दिसतं. प्रेक्षक पुढच्या कलाटणीचीच वाट बघत बसतो आणि तिने त्याचं मत हलत नाही.

तुम्हाला स्वतः काही बांधून बघायचं असेल, तर मोठ्या मॉडेलपासून सुरुवात करू नका. आधी ते नाणं, दोन्ही मापांनी. मग तीन पत्त्यांचा डाव, दोन प्रोग्राम एकमेकांविरुद्ध लाखभर वेळा खेळवून. दुसऱ्या खेळाडूची गुलामावरची पैज एक तृतीयांशाजवळ स्थिरावते का ते बघा, नाही स्थिरावली तर तुमच्या कोडमध्ये चूक आहे. त्यानंतर पाच-सहा वाक्यांची एक गोष्ट आणि दोन विश्वास-वह्या. त्या गोष्टीत पहिल्याच वेळी एक पारदर्शक डबा ठेवा.